दुपारी दीडचा नमुना

‘तलावाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे चौदा मिलिग्रॅम, म्हणजे मुबलक आढळला. सबब मासे गुदमरून मेलेले नाहीत. विषप्रयोगाचा संशय बळावतो.’

दिंडोरीजवळच्या एका पाझर तलावात मासे मेले, त्यावरचा ऑक्टोबर २००३चा हा सरकारी निष्कर्ष. भाषा निर्दोष. आकडाही खरा, आणि लाज आहे ती तिथेच. निर्मळ पाण्यात त्या हवेत आठाच्या वर प्राणवायू मावत नाही. चौदा भरतो तो द्राक्षबागांतून वाहून आलेल्या खतावर माजलेल्या शेवाळामुळे. उन्हात ते प्राणवायू ओतते. अंधारात तेच तो शोषून घेते. अशा तळ्याची नाडी पहाटे पाहायची असते. नमुना घेतला दुपारी दीडला, कारण जीप नाशिकहून निवांत न्याहारीनंतर निघाली होती.

नमुना घेणारा आणि अहवालावर सही करणारा तज्ज्ञ मी.

त्या सहीच्या आधारे ग्रामपंचायतीने साळूबाईचा मासेमारीचा ठेका रद्द करायला घेतला. झटपट मासे धरायला तिनेच विष कालवले, असे ठरले. ती थेट महाविद्यालयात, माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“सायेब, तुमी तळ्यावर कवा आल्ता?”

“दुपारी.”

“जेवून का? मासं आठ दिस पहाटं तोंड वासून वर येत व्हतं. रातीचा गुदमरल्याला मानूस तुमी दुपारी तपासता, अन् म्हनता, वारा तर लय हाय!”

वर्ग हसला. मीच शिकवलेला वर्ग.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिच्याच तराफ्यावरून बाटली भरली. रसायने घातल्यावर तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू असतो. साका पांढरा बसला.

“दुधावानी दिसतंय,” ती म्हणाली. “चांगलं का वाईट?”

“तुमच्यासाठी चांगलं.”

“अन् तुमच्यासाठी?”

मी बाटली पेटीत ठेवली.

ग्रामसभेआधी सरपंच हळूच म्हणाले, “सर, हवामानामुळं फरक पडला, असं लिहा की. सगळ्यांचीच अब्रू राहील.” साळूबाई पहिल्या रांगेत बसली होती. मी लिहिलेला कागद उभा राहून वाचला:

‘साळूबाईंनी तळ्यात काहीही टाकलेले नाही. अशा पाण्याचा नमुना पहाटे घ्यावा लागतो, हे मी पंधरा वर्षे शिकवत आलो आहे. मी तो दुपारी घेतला, कारण मला लवकर उठायचे नव्हते.’