राजाच्या पिकदाणीशेजारी

मी पिकदाणी बोलतेय. नाक मुरडून झालं असेल तर पुढं सांगते.

माझा जन्म भंडाऱ्याचा, अस्सल पितळेचा. वासुदेवरावांनी आपल्या कुंताच्या लग्नात पाण्याचा गुंड, परात आणि मी अशा तिघांना आंदण दिलं. होणारा जावई तंबाखू खातो हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यावर त्यांनी जावई बदलला नाही, मला विकत घेतलं. मोहाडीजवळच्या तिच्या सासरी गुंड आणि परात मानानं स्वयंपाकघरात गेले. मी खाटेखाली.

जावई म्हणजे तुलाराम. धानाच्या बांधीत नांगर धरला की त्याचं तास सुतासारखं सरळ यायचं. पण खाटेपासून हातभर अंतरावरची मी त्याला आयुष्यभर साधली नाही. अर्धं माझ्यात, अर्धं सारवलेल्या भुईवर.

रोज सकाळी कुंताबाई मला अंगणात नेऊन राख आणि चिंचेनं घासायची. घासताना तोंड चालू.

"बैलाले बी समजते गोठा कुठी हाये. या मानसाले एवढं मोठं तोंड नाई दिसत पिकदानीचं!"

ओसरीतून तुलाराम म्हणायचा, "दिसते न वो. पन तुह्या तोंडावरून ध्यान हटत नाई, म्हून नेम चुकते."

मग ती मला आणखी जोरात घासायची.

माझ्या काठाला एक पोचा आहे. एकदा रागाच्या भरात तिनं मला त्याच्यावर फेकलं होतं. नेम तिचाही नवऱ्यासारखाच. मी रांजणाला लागले, रांजण फुटला आणि दोघं तासभर एकमेकांशी बोलली नाहीत. तासाभरानं पाणी कोण आणणार, यावरून पुन्हा सुरू.

मागच्या मार्गशीर्षात, मळणी आटोपल्यावर, तुलाराम गेला. हृदयविकारानं. लोक माझ्याकडे पाहू लागतात, म्हणून मुद्दाम सांगते.

त्या दिवसापासून कुंताबाईनं कोणालाच शिवी दिली नाही. म्हशीलाही नाही. शेजारपाजारच्या बाया काळजीनं विचारू लागल्या. तेरवी झाल्यावर तिनं मला एका पोत्यात टाकलं आणि सुनेला, शुभांगीला, म्हणाली, "उन्हाळ्यात भांडेवाला आला का मोडीत देऊन टाकजो. स्टीलचा डबा येईन." मोडीत, म्हणजे भट्टीत. मी ऐकलं. सहा वर्षांच्या नातीनं, तृप्तीनंही ऐकलं.

मे महिन्यात मुलगा कैलाशनं सगळ्यांना नागपूर दाखवायचं ठरवलं. माय गप्प गप्प असते, तिचं मन रमेल, हा हेतू. पण कैलाश शाळामास्तर. त्यामुळं दोन दिवसांची सहल आणि तीन म्युझियम. निघण्याआधी तृप्तीनं विचारलं, "बाबा, म्युझियममधी काय रायते?"

"ज्या वस्तूंची माणसं गेली, त्या तिथं सांभाळून ठेवतात."

"मंग कोनी मोडीत नाई देत?"

"कसं देईल? सरकारी पहारा असतो."

तृप्तीनं आपल्या बॅगेतल्या बाहुल्या काढल्या आणि पोत्यातून मला उचललं. एसटीत तिनं माझ्या पोटात बिस्किटांचा पुडा ठेवला. इतका पवित्र प्रवास मी कधी केला नव्हता.

पहिल्या दिवशी जुनी इंजिनं पाहिली. तिथं माझ्यासारखं कोणी नव्हतं. दुसरं म्युझियम दगडांचं. तिथंही तिनं मला बाहेर काढलं नाही. तिसऱ्याच्या दारावर मधुकरराव नावाचा पहारेकरी होता. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असल्यानं तो हनुवटी वर करून बोलत होता. ही बोली मला घरची. लहान पोरीची बॅग त्यानं उघडलीच नाही.

आतल्या एका दालनात काचेच्या पेटीत कुठल्याशा राजाची चांदीची पिकदाणी होती. शेजारी एक उघडा, रिकामा चौथरा आणि त्यावर पाटी: 'वस्तू दुरुस्तीसाठी काढली आहे.' बाप पाट्या वाचण्यात गुंतलेला, आई फोटोत. तृप्तीनं मला चौथऱ्यावर बसवलं, फ्रॉकनं बिस्किटांचा चुरा पुसला, हात जोडले आणि शहाण्यासारखी पुढं गेली.

थोड्याच वेळात कैलाश आला. मला पाहून थांबला.

"शुभांगी, बघ, काय कारागिरी! राणीचं अत्तराचं भांडं असावं."

शुभांगीनं फोटो काढला. अडतीस वर्षं हा माणूस ज्या घरात वाढला, तिथल्या खाटेखाली मी होते.

दालन रिकामं झालं. मधुकरराव आला. त्यानं 'थुंकू नये' ही पाटी पाहिली. मग मला पाहिलं. सकाळपासून अडलेला जीव तो! दोन पावलं लांबून त्यानं थुंकलं. बरोबर मध्ये. काठाला एक थेंब नाही. इतका अचूक नेम मी जन्मात पाहिला नव्हता. मला उगीच चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

गुडघे धरत कुंताबाई सगळ्यांच्या मागून आली. राजाच्या पिकदाणीवर आणि तिच्या पाटीवर तिनं ओझरती नजर टाकली. माझा पोचा दिसला. वाकून तिनं आत पाहिलं. ओलं होतं. ताजं.

तिनं झटकन मागं वळून पाहिलं.

दारात कोणी नव्हतं. भिंतीपाशी मधुकरराव तोंड पुसत उभा होता.

"काहून गा!" कुंताबाई कडाडली. पाच महिन्यांनी. "घरी मायबाप नाई का तुले? दिसलं भांडं का थुंकलं!"

"बाई, हात नका लावू!" मधुकरराव दचकून म्हणाला. "सरकारी वस्तू हाये!"

"हात नोको लावू? एकेचाळीस वर्सं माह्याशिवाय कोनाचा हात लागला इले? अन् थ्या राजाच्या पिकदानीवर राजाचं नाव लिवलं तुमी. घासनारीचं कुठी हाये?"

कैलाश धावत आला. "माय, हळू! राणीचं अत्तराचं भांडं आहे ते."

"तुह्या बापाची पिकदानी हाये थे!"

 बापामागून आलेली तृप्ती रडू लागली.

"इथं राह्यली असती तं तू मोडीत नसती देली."

 बाहेरच्या नळावर कुंताबाईनं मला धुतलं, पदरानं पुसलं आणि स्वतःच्या पिशवीत घातलं. दाराशी मधुकरराव मान खाली घालून उभा होता.

"नेम चांगला हाये तुहा," ती म्हणाली. "पन खर्रा सोड बापा."

आता मी पुन्हा खाटेखाली, माझ्या जागेवर आहे. भांडेवाला दोनदा येऊन गेला. रोज सकाळी कुंताबाई मला अंगणात नेते. आत पाहते. आत काही नसतं. तरी राख आणि चिंच घेऊन घासते, न बोलता. त्यामुळं मी इतकी चकचकीत झालेय, की माझी मलाच लाज वाटते.

म्हणून एक विनंती. मोहाडीकडं आलात तर आमच्या घरी या. त्या खाटेवर बसा, पान खा आणि खुशाल थुंका.

नेम चुकला तर फारच बरं होईल.