रॉकेल आणि खडू

मी व्यवसायाने वेल्डर आहे. लोखंड तापवून जोडणे आणि जोडलेल्या ठिकाणी संशयाला जागा न ठेवणे, हे माझे काम. शाळा सातवीतच सुटली. त्यापुढील शिक्षण वस्तादांच्या हाताखाली आणि रद्दीतून उचललेल्या पुस्तकांतून झाले. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, पुढील हकिकत माझ्या हातांविषयी आहे, आणि त्या हातांवर माझ्या धाकट्या भावाचा जितका विश्वास होता तितका माझा स्वतःचाही कधी नव्हता. लहानपणापासून तो चारचौघांत सांगत असे, "दादाने जोडलेलं तुटलं तर बाकीचं लोखंड तुटेल, जोड तुटायचा नाही."

धाकट्याला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी लागली. डोंगरावरच्या टाकीपासून खाली येणाऱ्या पाइपलाइनची रोज गस्त घालायची, झडपा तपासायच्या, कुठे गळती असेल तर कळवायचे. वाटेत तीस किलोमीटर डांबरी रस्ता आणि पुढे अठरा किलोमीटर दगडधोंड्यांची चढण. कार्यालयाची अट एकच होती: गाडी स्वतःची हवी, आणि सोमवारी सकाळी ती दाखवून हजर व्हायचे. पत्र हाती पडले गुरुवारी. नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा डांबर आणि डोंगर दोन्ही सोसेल अशी जुनी मोटारसायकल शोधणे प्राप्त झाले.

त्या दिवसापासून माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. जेवताना उठून मी मोबाइलवर जाहिराती पाही, पाहून झाल्यावर पुन्हा ताटावर बसे.

"अहो, टेका की एका जागी," पत्नी म्हणाली. "गाडी भाऊजींना घ्यायचीय आणि फेऱ्या तुम्ही मारताय. आतापर्यंत चालत डोंगरावर जाऊन आला असतात."

शुक्रवारी आम्ही दोन गाड्या पाहिल्या. पहिली इतकी उंच व अवजड होती की धाकटा तिच्यावर बसल्यावर त्याचे केवळ अंगठे भुईला टेकले.

"ही चढणीला आडवी झाली तर उचलायला वरात बोलवावी लागेल," मी म्हणालो.

"वरात आली तर नवरदेव म्हणून मलाच बसवतील," तो म्हणाला आणि उतरला.

दुसरी एका मोजणीदाराची होती. जमिनीची मोजणी करत तो रानोमाळ हिंडलेला. गाडीही त्याच्यासारखीच रापलेली. इंजिन नेमके, उंची बेताची, परंतु पुढच्या चाकाची रिंग वाकलेली, आसन फाटून आतला स्पंज बाहेर आलेला.

"दादा, ही गाडी आहे की फिरतं भंगार? साहेबांना हीच दाखवू?"

मलाही वाटले, अजून दोन दिवस हाती आहेत. मोजणीदाराला "कळवतो" म्हणून आम्ही निघालो.

शनिवारी दुपारी दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागील अंगणात तिसरी गाडी पाहिली, आणि धाकट्याचा चेहरा उजळला. करड्या रंगाची, ताठ मानेची, तारांची चाके, रुंद हँडल, पोटाखाली दगडांपासून इंजिन वाचवणारा जाड पत्रा. डॉक्टर किडकिडीत अंगाचे आणि बोलके होते. तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून ते म्हणाले, "सहा वर्षं माझ्याकडे आहे. एकदाही आपटलेली नाही. कंबर बोलायला लागली म्हणून विकतोय. लोकांच्या तोंडात वाकून वाकून मणक्याचे बारा वाजलेत हो."

"तुमच्याआधी कोणाची होती?" मी विचारले.

"कोणी कुरिअरवाला होता. त्याचं मला काही ठाऊक नाही. मी घेतली तेव्हा लाल होती, मीच रंगवून घेतली."

मी पिशवी उघडली. बॅटरी, पाना, चिंध्या आणि मळ पुसण्यासाठी रॉकेलची बाटली, एवढा माझा सरंजाम. इंजिन थंड असतानाच चालू करून पाहिले. पहिल्याच हाकेला ओ दिली. चाकाच्या तारांवर एकेक करून पाना वाजवला. एकही तार बसक्या आवाजाची निघाली नाही. पुढचे दांडे दाबून पाहिले, तेलाचा थेंब नव्हता. धाकटा माझ्या तोंडाकडे टक लावून होता, आणि माझी मान हलली की त्याचीही हलत होती.

शेवटी टाकीखाली हात घालून मी मान चाचपली. मान म्हणजे जिथे हँडलचा दांडा सांगाड्याला मिळतो ती जागा. वाटेतला प्रत्येक दगड प्रथम तिथे आदळतो. आणि तिथे, रंगाच्या थराखाली, माझ्या बोटाला एक दाणा लागला.

जोडाची रेघ पूर्ण झाल्यावर रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, एकदम उचलायचा नाही, अर्धे बोट मागे आणून तिथे एक थेंब ठेवायचा, हे वस्तादांनी मला शिकवले होते. पुष्कळजण तसे करतात. परंतु मी डावखुरा. माझ्या जोडाची वीण उलट्या अंगाने चालते आणि दाणा नको त्या टोकाला येतो. स्वतःचे अक्षर ओळखायला मनुष्याला चष्मा लागत नाही. तो जोड माझाच होता.

मग सारे आठवले. लाल गाडी, मान तडकलेली, घाईने आलेला कुरिअरवाला: "दुपारपर्यंत द्या, नाहीतर कामावरून काढतील." त्याच आठवड्यात दुकानाचे छत गळून रॉडचा एक नवा कोरा डबा भिजला होता. ओला रॉड वापरायचा नसतो. तो भट्टीत पुरता वाळवावा लागतो. ओलीच्या पोटी जोड आतून ठिसूळ होतो आणि वरून मात्र छान दिसतो. माझ्याकडे भट्टी नव्हती. मी ते रॉड अर्धा तास उन्हात टाकले, मनाला सांगितले की वाळले, आणि तो डबा टाकून न देता आठवडाभर वापरून संपवला. त्यातला पहिला रॉड या मानेवर खर्ची पडला होता.

"काय रे दादा, कशी आहे?"

मी तोंड उघडले आणि भलतेच बोललो. "हॉर्न बारीक आहे."

"हॉर्न?" धाकटा हसला. "डोंगरात कोणाला वाजवू? शेळ्यांना?"

"साखळी सैल आहे."

"घट्ट करून देतो," डॉक्टर म्हणाले.

"आरसा हलतो."

"अहो, आरसा नवा घालून देतो! दात हलत असता तर तोही बसवून दिला असता."

धाकट्याचा पारा चढू लागला. "दादा, काल रिंग वाकलेल्या गाडीचं तू कौतुक करत होतास. आज आरशावर अडलास?" आणि डॉक्टरांकडे वळून, "एक चक्कर मारून येऊ का? मागच्या टेकाडावरून?"

"या की."

त्याने किल्ली फिरवली. 'थांब' म्हणायचे सोडून मी पिशवी आवरू लागलो. गाडी फाटकाबाहेर पडली, डांबर सोडून मातीच्या वाटेला लागली आणि टेकाडाआड दिसेनाशी झाली.

ती सात-आठ मिनिटे मी कशी काढली हे लिहिण्याइतकी माझी भाषा कसलेली नाही. डॉक्टरांनी चहा पुढे केला. मी कप घेऊन अंगणभर हिंडलो आणि न पिताच पायरीवर ठेवला. इंजिनाचा आवाज वाढला की वाटे चढण लागली, कमी झाला की वाटे पडला. मधे आवाज अजिबात थांबला. मी फाटकापर्यंत धावलो.

"अहो, असं काय करताय?" डॉक्टर म्हणाले. "दात काढायला आलेली माणसंसुद्धा इतकी घाबरत नाहीत."

आवाज पुन्हा आला, पाठोपाठ धुरळा आला, आणि धुरळ्यातून धाकटा दात काढत आला.

"दादा, लोणी आहे लोणी! वर जाऊन दोन मिनिटं नुसता उभा राहिलो, पाइपलाइन दिसते तिथून. डॉक्टर, ठरलं."

त्याने खिशात हात घातला तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटले. "थांब. या गाडीच्या मानेवर जोड आहे. तो मी केलेला आहे."

यापुढे जे झाले त्याची मी कल्पनाही केली नव्हती. धाकट्याने टाळी वाजवली. "मग बोलायचंच काय! डॉक्टर, ऐकलंत? दादाचा जोड आहे! आता तर डोळे झाकून घेतो."

"झाकू नकोस," मी म्हणालो. "तो जोड वाईट आहे. ओल्या रॉडचा आहे. मला तेव्हाही ठाऊक होतं."

डॉक्टर कधी माझ्याकडे, कधी गाडीकडे पाहत राहिले. "म्हणजे सहा वर्षं मी... अहो, माझी बायको मागे बसायची. आम्ही घाट उतरलोय हिच्यावरून." मग क्षणभराने, "पण टिकला ना सहा वर्षं? कशावरून वाईट?"

"पाहू," मी म्हणालो. "खडू आहे का?"

खडू नव्हता, परंतु दातांचे साचे करण्याची पांढरी भुकटी होती. डॉक्टरांच्या परवानगीने मी मानेवरचा रंग खरवडला, उघड्या जोडावर रॉकेल चोपडले आणि पंधरा मिनिटे थांबलो. रॉकेल पाण्याहून चिवट. केसाएवढी भेग असली तरी आत शिरते. मग चिंधीने जोड अगदी कोरडा पुसला आणि वर भुकटी भुरभुरली. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. नसेल तर पांढरे ते पांढरेच राहते.

आम्ही तिघे टाकीखाली डोकी घालून उकिडवे बसलो. डॉक्टरांनी दात पाहायचे भिंग डोळ्यांवर चढवले होते, त्यामुळे प्रथम त्यांनाच दिसले.

"आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "डाव्या बाजूला. किडलेल्या दाढेसारखी, वरून नावाला आणि आत खोल."

रेघ दाण्यापासून निघून माझ्या विणीच्या कडेने बोटभर चालली होती.

डॉक्टर पायरीवर बसले आणि मास्कने कपाळ पुसू लागले. "बरं झालं म्हणायचं. दुखेपर्यंत माझ्याकडेही कोणी येत नाही. आता काय करायचं?"

"पूर्ण सांगाडाच बदलावा लागेल. तोवर कोणाला विकू नका आणि चालवूही नका. काम मी करून देईन, पण तपासून घ्या दुसऱ्याकडून."

"आपलेच दात, आपलेच ओठ," आम्हा दोघा भावांकडे पाहून डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते अधिक लागले.

धाकटा अजून गाडीपाशीच उकिडवा होता. पांढऱ्यावरची रेघ पाहतच तो म्हणाला, "दादा, मी टेकाडावर गेलो तेव्हा तुला माहीत होतं?"

लोखंडाचा प्रश्न असता तर मला उत्तर फिरवता आले असते.

"होतं."

तो उठला. डॉक्टरांना हात जोडून चालू लागला, आणि घरापर्यंत माझ्यापुढे दहा पावले राहिला. मी वेग वाढवला की तोही वाढवी.

रात्री पत्नीने सर्व ऐकून घेतले. मी समजूत घातली जाईल या आशेने बसलो होतो. ती म्हणाली, "जोड वाईट झाला ते मी समजू शकते. पण हॉर्न बारीक? तुम्हाला तोंड होतं ना?" आणि दिवा मालवून झोपली.

रविवारी सकाळी धाकटा माझ्या दारात उभा राहिला. "मोजणीदाराकडे चल." एवढेच बोलला.

फाटक्या आसनाची ती गाडी अंगणात तशीच उभी होती. धाकट्याने प्रथम टाकीखाली हात घातला आणि मान चाचपली. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "हिला कुठे तुझा हात लागलाय?"

"नाही."

"मग घेऊ."

सायंकाळपर्यंत मी तिला दुसरी रिंग बसवली, तारा ओढल्या, वाजवून पाहिल्या. सोमवारी सकाळी धाकटा तिच्यावरून कार्यालयात गेला आणि हजर झाला. साहेब फाटके आसन पाहून म्हणाले म्हणे, "ही डोंगर ओळखते वाटतं."

माझी मात्र घालमेल संपली नाही. डब्यातला एक रॉड मानेवर गेला. बाकीचे कुठे गेले? दुकानात उभा राहून मी तो आठवडा पुन्हा पुन्हा उलगडला. गव्हर्नमेंट प्रेसमागच्या पाण्याच्या टाकीची शिडी. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचे बूड. आणि बालवाडीतला झोपाळा. हे आठवले तसा मी हातोडा ठेवला, रॉकेलची बाटली घेतली, रॉडची पिशवी आणि छोटे वेल्डिंग यंत्र खांद्याला अडकवले, वाटेत खडूची पेटी घेतली आणि बालवाडीकडे चालू लागलो. चालता चालता पळू लागलो.

मुले घरी गेली होती. बाईंना सांगून मी झोपाळा तारेने वर बांधून टाकला, त्यांच्याकडची शिडी लावून चढलो, जोड खरवडला, रॉकेल लावले, पुसले, खडू किसून भुरभुरला. मग खाली येऊन फेऱ्या मारू लागलो.

रस्त्यावर एक ओळखीचे इंजिन थांबले. धाकटा गस्तीहून परतत होता, गुडघ्यांपर्यंत धुळीने माखलेला. "वहिनी म्हणाली इकडे असशील." तो शिडीवर चढला आणि बराच वेळ जोडाकडे पाहत राहिला.

"काय आहे?" मी खालून विचारले.

"पांढराच आहे."

"अजून थांब."

तो थांबला. मी आणखी चार फेऱ्या मारल्या.

"दादा, पांढराच आहे रे. सुटलास."

"उतर," मी म्हणालो. "तरी कापतो."

तो उतरला. मी भट्टीत वाळवलेल्या रॉडची पिशवी उघडली. भट्टी डॉक्टरांची; साचे तापवायची. त्यांनीच नेऊन वापरा म्हणून दिली होती. धाकट्याने पिशवीतला एक रॉड उचलून गालाला लावून पाहिला.

"गरम आहे अजून," तो म्हणाला, आणि शिडी धरून उभा राहिला. "चढ. मी धरतो."