खाटेजवळच्या खुर्चीचं गाऱ्हाणं

मी खाटेजवळची खुर्ची बोलतेय. हो, तीच, जिच्यावर तुम्ही पिशवी, थर्मास आणि ओला टॉवेल ठेवता. लोखंडाची असले म्हणून काय झालं, सोसण्यालाही काही सीमा असते!

कारखान्यात मला वाकवलं, जोडलं, निळा रंग दिला. तेव्हा देवाजवळ एवढंच मागितलं, की दुखणाइताजवळ बसणाऱ्याच्या उपयोगी पडू दे. त्याने ऐकलं, थेट बायकांच्या वॉर्डात पाठवलं. पण माणसांचं काय करायचं?

मोठे डॉक्टर येतात, उभ्याउभ्या "काय, बरंय ना?" म्हणतात आणि जातात. आजवर माझ्यावर कधी टेकलेले नाहीत. तरी पाठ वळली की कौतुक सुरू, "नुसतं बघितलं तरी अर्धं दुखणं पळतं बाई!" शिकाऊ डॉक्टर बसतात, नाडी बघतात, झोप लागली का विचारतात. त्यांच्या वाट्याला मुरडलेली नाकं.

आज सकाळपर्यंत माझ्या खाटेवर एक शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. पोटाचं ऑपरेशन झालेलं. त्यातच पोटरी सुजली, पाय टेकवेना. नणंदेला सांगितलं, पण शिकाऊ डॉक्टरीण आली की तोंडाला कुलूप.

"मावशी, आणखी कुठे दुखतंय?"

"कुठे नाही."

ती जाताच नणंद म्हणाली, "वहिनी, पायाचं सांगायचं ना!"

"त्या पोरीला? काल गोळीचं विचारलं तर म्हणे, सरांना विचारून सांगते. जिला स्वतःला येत नाही ती माझं काय बघणार? मोठ्यांनाच सांगेन."

मोठे आले. "बरंय ना?" मावशींनी हात जोडले, "तुमची कृपा!" तोवर ते पुढच्या खाटेशी. मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण मला कपाळ आहे कुठे!

दुपारी ती पोर पुन्हा आली, पिशवी खाली ठेवून माझ्यावर बसली. शेवटी नणंदेनेच चादर ओढली. "बघा हो डॉक्टर, ही काही बोलायची नाही."

"अहो वन्सं!" मावशी कळवळल्या.

पोरीने दोन्ही पाय नीट पाहिले. तिचा चेहरा उतरला. "रक्ताची गुठळी असेल असं वाटतंय. मला खात्री नाही, सरांना आत्ता घेऊन येते. तोवर उठू नका, पाय चोळू नका." आणि ती धावली.

"बघा, पुन्हा विचारायलाच गेली!" मावशी म्हणाल्या.

गुठळीच निघाली. तीच छातीत चढली असती तर? इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली, म्हणून मावशी वाचल्या.

आज मावशी घरी निघाल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने त्यांना विचारलं, "इथले शिकाऊ कसे आहेत हो?"

"पोरगी मायाळू आहे, पण येत काही नाही. मला मोठ्यांनी वाचवलं!"

आता माझा रंग उडालाय, एक पाय डुगडुगतोय, तरी कोणी बसलं की बरं वाटतं. बायांनो, तुमच्यासाठी धावत विचारायला जाणाऱ्याला अडाणी म्हणू नका गं!

पण ऐकतंय कोण? शेजारच्या बाईने मान डोलावली आणि सलाइनने सुजलेला हात पांघरुणात सरकवला. ती पोर एवढ्यात येईलच. देवा, त्याआधी हिला बुद्धी दे, नाहीतर मला घटकाभर तोंड तरी दे!