कोंडाजीच्या बेंजोचा टोन

साहेब, कोंडाजीदादाची बोटं एकदा तुमच्या प्रेसने खाल्ली. आता उरलेली तुम्ही खाताय. हे मी तुमच्या तोंडावर बोललो असतो, पण त्या दिवशी माझंच डोकं चालेनासं झालं. अजूनही धड चालत नाही. म्हणून झालं तसं सांगतो.

कोंडाजीदादा आमच्या गायन पार्टीचा बेंजो. अंबरनाथ ते बदलापूर, भीमजयंतीचं स्टेज लागलं की लोक आधी विचारायचे, बेंजोवर कोण? मग तुमच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये डाव्या हाताची तीन बोटं गेली. तुम्ही त्याला गेटवर बसवलंत, हे खरं. बेंजो खाटेखाली गेला.

मी पार्टीत कीबोर्ड वाजवतो. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून जुना जपानी घेतलेला. त्यात बेंजो म्हणून एक टोन तयार होता, पण तो कुठल्या गोऱ्या लोकांचा, पत्र्याच्या डब्यावर गारा पडल्यासारखा. टाइपरायटरसारखी बटणं असलेला आमचा बेंजो त्यांनी कधी ऐकलाच नसणार. म्हणून मी स्वतःच टोन बनवायला बसलो. पुस्तक इंग्रजीत, मी दाबून दाबून शिकलो. दोन तारांचे दोन आवाज घेतले, एक किंचित बेसूर ठेवला. सुराआधी बटणाची 'टक' पाहिजे, ती घातली. दादा बाजूला बसून शिव्या घालत होता.

"सोम्या, फार गोड झालं हे. मी काय लग्नात सनई वाजवत होतो?"

"मग काय करू?"

"खरखर घाल. माझी एक तार कायम ढिली असायची. आणि सूर लगेच मिळू देऊ नको. खालून चढू दे."

खालून चढवला. आतून दादाची बायको, बकुळावहिनी, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. खाटेखाली वाकून बघितलं. बेंजो जागेवर होता. दादाच्या हाताकडे बघितलं. तोही मांडीवर, तसाच.

"मग वाजवतंय कोण?" त्या म्हणाल्या.

दादा हसला नाही. मला म्हणाला, "सेव्ह कर. पुसलास तर तंगडं तोडीन."

कॅसेट निघाली तेव्हा कव्हरवर मीच छापायला लावलं, 'बेंजो : कोंडाजी'. आमच्यात ज्याची चाल त्याचं नाव, गाणारा कोणी का असेना. टोनचंही मी तसंच धरलं. आजही तसंच धरतो.

ती कॅसेट तुमच्या टेबलावर कोणी आणून ठेवली, माहीत नाही. तुम्ही दादाला म्हणालात, "बोटं चालतात की तुझी. सोमवारपासून परत प्रेसवर."

मी कीबोर्ड खांद्याला अडकवून, दादाला सोबत घेऊन तुमच्या ऑफिसात आलो. वाजवून दाखवला.

"हा तर कीबोर्ड," तुम्ही म्हणालात. "कॅसेटमध्ये बेंजो आहे."

मी म्हटलं, साहेब, जरा भिंतीकडे तोंड करा. तुम्ही खुर्ची फिरवलीत. मी तेच परत वाजवलं.

"हां, हा बेंजो." मग वळलात. "अरे, हा कीबोर्ड."

पुन्हा भिंतीकडे, पुन्हा बेंजो. पुन्हा वळलात, पुन्हा कीबोर्ड. शेवटी मलाच वाटायला लागलं, मी काहीतरी खोटं वाजवतोय.

मग तुम्ही दादाला विचारलंत, "सरळ सांग. हा आवाज तुझा का?"

मी डोळ्यांनी सांगत होतो, नाही म्हण, नाही म्हण. एका 'नाही'त गेटची खुर्ची वाचत होती. दादाने तो हात टेबलावर ठेवला.

"माझाच आहे," म्हणाला.

तुम्ही कागदावर तेवढंच लिहिलंत.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर भडकलो. "येडा झालास का दादा?"

"मग काय, तुझा सांगू? तुला जन्मात बेंजो धरता आला नाही."

तो चुकला का, मला अजून कळत नाही. टोन माझ्या मशीनमध्ये, वाजवणारा मी, सूर त्याचा. पुसून टाकावा, तर तो मीच वाजवला हे दाखवायला काही उरत नाही. ठेवावा, तर तोच त्याच्याविरुद्ध पुरावा. वहिनी म्हणतात पुस. दादा म्हणतो हात लावून बघ.

सोमवारी तो प्रेसवर उभा राहणार. उरलेला अंगठा आणि एक बोट घेऊन पत्रा धरणार. आवाज त्याचा, हे त्याने कबूल केलं, तुम्ही लिहून घेतलंत. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही लिहून द्या. त्या दिवशी तुमच्या टेबलासमोर, तुम्ही भिंतीकडे बघत असताना, पट्ट्यांवर बोटं कुणाची होती?