उतारावरचे पाय

"ठोकू का नको? एकदाच सांग, जगदेव!" वाशीमच्या सायकलच्या दुकानात दौलतसिंग मिस्त्री हातोडी घेऊन बसला होता.

 रागानं जगदेवचे कान तापले होते. रोज रिठदहून सायकलवर वाशीमला यायचं, कापसाचा भाव विचारायचा, मालकाचं औषध आणि पेपर घेऊन परत जायचं, ही त्याची नोकरी. सायकल मात्र त्याची स्वतःची. काल गावाजवळच्या उतारावर तो पाय न हलवता आला आणि मालकानं, मारोतरावांनी, ते ओट्यावरून पाहिलं.

"मी पाय माराचा पगार देतो, बसून येन्याचा नाही," ते चारचौघांत म्हणाले. "ते मागच्या चाकाचं फ्रीव्हील पक्कं करून आन. नाही तं येऊच नको."

हरामखोर! ज्या गुडघ्याला तेवढाच विसावा मिळायचा, तो मारोतरावांच्याच गोऱ्ह्यानं लाथ घालून मोडला होता. तेव्हा वाड्यावरून कुत्रंही विचारायला आलं नव्हतं.

"पक्कं केलं का चाक फिरन तवर पायडल फिरन," दौलतसिंग म्हणाला. "तुह्या गुडघ्याचा भुगा होईन. अन् या जर्मनच्या लढाईपाई नवं फ्रीव्हील भेटत नाही. मोडलं तं मोडलंच."

सकाळी गुडघ्याला तेल चोळता चोळता रंगूबाईनं, त्याच्या बायकोनं, बजावलं होतं, "राग गिळा. आपल्या घरात जवारी तिथूनच येते." ते आठवलं आणि जगदेव आणखीच भडकला, कारण तिचं खरं होतं.

"ठोक लेका! ठोक एकदाचं!"

परतताना पायडलांनी त्याला क्षणभर सोडलं नाही. मालकाला, मालकाच्या सात पिढ्यांना आणि शेवटी स्वतःला शिव्या घालत तो गावाच्या उतारावर पोचला. खाली ओट्यावर मारोतराव चार माणसं घेऊन बसलेच होते.

उतार लागला. पायडलं गरगरा फिरू लागली. गुडघ्यातली कळ थेट मस्तकात गेली. जगदेवनं दोन्ही पाय काढले, पुढे ताणून धरले आणि हातानं ब्रेक दाबत खाली आला.

"पाय कायले काढले बे?" मारोतराव ओरडले.

"तुमाले पायडल फिरताना पाहाचे होते ना, मालक? पाहा ना मंग! फिरूनच राह्यले!"

ओट्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. मारोतराव लाल झाले. "उद्यापासून तोंड दाखवू नको!"

जगदेवनं औषध आणि पेपर ओट्यावर ठेवला आणि सायकल वळवली.

"अन् भाव? कापसाचा भाव काय हाय?"

"वाशीमात हाय. जा पायी पायी."

सायकल हातात धरून तो लंगडत घराकडे निघाला. दारात रंगूबाई तेलाची वाटी घेऊन उभी दिसली. सायकलवर कोणी नव्हतं तरी पायडल फिरतच होतं, आणि दर फेऱ्याला त्याच्या नडगीवर आपटत होतं.