आखूड काडी

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये टेबलाखाली हात घालून धाकट्याने कॉफी ढवळायच्या दोन्ही लाकडी काड्या अर्ध्यावर मोडल्या. खरं तर एकच मोडायचं ठरलं होतं. आखूड काडी ज्याला येईल त्याने बाबांना किडनी द्यायची, ही कल्पनाही त्याचीच.

सकाळी डॉक्टर म्हणाले होते, "दोघांचंही सारखंच जुळतंय. कोण देणार ते तुम्हीच ठरवा." धाकट्याला धक्का बसला. ताई इथेही पहिली येईल, अशी त्याला खात्री होती. शाळेत तर कायम यायची.

"झालं का?" समोर बसलेली ताई म्हणाली. "बाबा वर वाट बघतायत आणि तू इथे फर्निचर करत बसलायस."

धाकटा सुतार होता. त्याने केलेल्या स्टुलावर बसायचं तर आधी सायकल चालवता यायला हवी, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्याने मूठ पुढे केली. दोन टोकं बाहेर. ताईने डोळे मिटून एक ओढली.

"आखूड," ती म्हणाली. "घ्या."

"माझी लांब आहे," तो मूठ न उघडताच म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

कॅन्टीनचं टेबल एका बाजूला कललेलं होतं. ताईचा कप हळूहळू कडेला निघाला होता. तिने तो धरला.

"सुतारसाहेब, हे आपल्याच हातचं का?"

तो हसला नाही. ती खाली वाकली, आपली काडी एका पायाखाली सरकवली आणि तिथूनच हात वर केला.

"तुझीपण दे."

"माझी कशाला?"

"या बाजूचे दोन्ही पाय आखूड आहेत. दोघांना सारखाच आधार हवा."

"अगं, माझी लांब आहे म्हटलं ना."

"असू दे रे. पायाला काय कळतंय?"

तिचा हात तसाच राहिला. लहानपणी रस्ता ओलांडताना ती असाच हात पुढे करायची. धाकट्याने तळहातावर काडी ठेवली.

टेबलाखाली काडीला काडी लावल्याचा टक् असा आवाज आला. मग ताई वर आली, केस सारखे करत.

"पहिल्यांदाच तुझं माप बरोबर आलंय," ती म्हणाली. "कॉफी पी, गार होतेय."

दारात नर्स उभी होती. "किडनी देणारं कोण? चला."

"मी," ताई म्हणाली आणि पर्स घेऊन निघाली.

उठण्यासाठी धाकट्याने टेबलावर दोन्ही हात रेटले. टेबल तसूभरही हललं नाही. त्यालाही हलता येईना.