दोन बोटं सैल

टेपच्या टोकाची पितळी पट्टी गार लागली असावी, कारण गिऱ्हाईक किंचित आक्रसलं आणि म्हणालं, "मास्तर, आवळून शिवू नका हं, बसताना बटणं ताणतात." मास्तरांनी खाली पाहिलं, तर टेपच्या आत त्यांची दोन बोटं कधीच जाऊन बसलेली. बत्तीस वर्षं बसतात तशी, न सांगता. शर्टाला दोन बोटं सैल...

काल रविवारी पोराची छाती याच हातांनी मोजली होती. त्याच्या आदल्या रविवारीही. असे बारा रविवार.

अग्निशमन दलाच्या भरतीत श्वास भरून छाती चौऱ्याऐंशी सेंटिमीटर लागते, आणि वयामुळे पोराची ही शेवटची भरती. काल टेपने पंच्याऐंशी दाखवले. पोरगा म्हणाला, "झालं बाबा. आता छातीचे जोर बंद, उरलेले दहा दिवस नुसतं पळणार." आणि आपण त्याच्या पाठीवर थाप मारली. शहाणेच आपण!

गिऱ्हाईक गेल्यावर मास्तरांनी दुकानातल्या पुतळ्याला टेप गुंडाळला, एकदा बोटांसकट, एकदा बोटांशिवाय. अडीचाचा फरक. म्हणजे पोराची छाती साडेब्याऐंशी. पुन्हा मोजलं, तरी फरक अडीचाचाच.

तीन महिने मागच्या खोलीत दोन विटांवर हात, इस्त्रीच्या स्टुलावर पाय, आणि छाती फरशीला टेकेपर्यंत जोर. सुरुवातीला बारा मारताना डोळे पांढरे व्हायचे, आता सलग चाळीस. दुकान बंद झालं की कापायच्या टेबलावर उताणा पडून पाण्याचे भरलेले कॅन वर-खाली... "कापडावर घाम सांडलास तर गाठ माझ्याशी आहे," असं आपण म्हणायचो, आणि त्याची आई म्हणायची, "फरशी खचली की जाशील थेट खालच्या मजल्यावरच्यांच्या ताटात." हसायचो तिघंही. मेहनत खरी होती. खोटा होता तो माझा हात.

हात? का मी? दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या टोकाचं गोदाम जळालं तेव्हा आम्ही दोघं गर्दीत उभे होतो. पोरगा शिडीवर चढणाऱ्यांकडे बघत होता. मी बघत होतो फुटपाथवर बसलेल्या एकाकडे — हेल्मेट मांडीवर, खोकून खोकून काळं थुंकणारा, पोराच्याच वयाचा.

समजा, नाही सांगितलं. दीड सेंटिमीटरने राहील. चार दिवस कुणाशी बोलणार नाही, जेवणार नाही, मग येऊन बसेल दुसऱ्या मशीनवर, काजं करेल, कॉलर शिकेल... मास्तर दचकले. किती पटापट सुचत होतं सगळं! जणू आधीच बेतून ठेवलेलं.

पोरगा बुटांच्या नाड्या आवळत बाहेर आला. "निघतो बाबा."

"थांब. शर्ट काढ."

"कालच तर मोजली."

"काढ म्हणतोय ना."

तो हसला, शर्ट काढून हात वर करून उभा राहिला आणि त्याने श्वास भरला. मास्तरांनी या वेळी बोटं बाहेर ठेवली. उघड्या कातडीवर टेप बसला तशी आतली धडधड थेट हाताला लागली. साडेब्याऐंशी. पोराने श्वास न सोडता भुवया उडवल्या : किती?

सांगितलं, तर हा दहा दिवस जिवाचं रान करेल, आणि होईल त्याचं. मग त्याला आगीत धाडणारा मीच. नाही सांगितलं, तर जन्मभर इथेच राहील, माझ्या शेजारी, माझ्यावर विश्वास ठेवून. आणि या दोन्हींतलं आपल्याला काय हवंय, ते मास्तरांना इतकं लख्ख दिसलं की आकडा ओठांवर येऊनही पोराच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटली.

पोरगा श्वास धरून उभाच होता.